दोन दिवस, एक क्रूझर आणि आपलाच जिल्हा

आज मी हप्त्याचं, व्याजाचं आणि बँकेच्या कागदांचं काहीच बोलणार नाही. ते पुढच्या आठवड्यात आहेच. आज फिरायला जायचं बोलू या.

आमच्या गटातल्या एकीच्या मुलानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. स्कॉटलंड देशातला. इंग्लंडच्या वरच्या अंगाला, उत्तरेकडं हा मुलूख आहे. तिथं लोक गाडीच्या मागं चाकांचं घर जोडतात. त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. त्यात चूल, पलंग, मोरी, सगळं असतं. नवरा-बायको ते घर घेऊन आठ-आठ दिवस हिंडतात. जुने किल्ले पाहतात, तळी पाहतात. तळ्याला तिथं ‘लॉक’ म्हणतात. लॉक नेस नावाचं त्यांचं तळं ३७ किलोमीटर लांब आणि २३० मीटर खोल आहे. त्यात एक राक्षसी जनावर राहतं अशी आवई १९३३ साली उठली. जनावर काही सापडलं नाही, पण ते पाहायला लोक अजून जातात. आणि एक कवी होता, रॉबर्ट बर्न्स. शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः नांगर धरलेला. १७५९ साली ज्या मातीच्या भिंतींच्या, गवती छपराच्या घरात तो जन्मला, ते त्याच्या बापानं स्वतःच्या हातानं बांधलेलं घर आजही जपून ठेवलंय. लोक तिकीट काढून पाहतात.

आमच्या बैठकीत हा व्हिडिओ बारा जणींनी पाहिला. एक आजी म्हणाल्या, “एवढ्या दूर जाऊन पाणी अन् दगडच पाह्यते का व ही माणसं?” सगळ्या हसल्या. मग मी विचारलं, “आपल्यापैकी लोणारचं सरोवर कोणी कोणी पाहिलंय?” बारांत तिघींनी हात वर केला. “सिंदखेडराजाला जिजाऊंचा वाडा?” पाच जणी, त्यातल्या चौघी शाळेच्या सहलीत गेलेल्या. एक वहिनी म्हणाल्या, “लोणारवरून मी ईस वेळा गेली असन. एसटीतून. सासऱ्याले दवाखान्यात न्यायचं होतं. खाली उतरायचं कामच नाही पडलं.”

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आपण बाया घराबाहेर पडतो त्या दवाखान्यासाठी, लग्नासाठी, मौतीसाठी, माहेरी आणि देवाला. शेगाव झालं, पंढरपूर झालं. देवाला जाणं चांगलंच आहे, त्यातही जिवाला मोकळं वाटतं. पण नुसतं पाहायला, कुणाचं काम नसताना, कुणाला बरोबर न नेता, असं किती जणी गेल्या? गटाची समन्वयक म्हणून मी गावोगाव हिंडते, मलाही हा प्रश्न लागू आहेच. मीही जाते ती मीटिंगला.

तर आम्ही ठरवलं. आणि ठरवल्यावर पहिला वाद पैशाचा झाला, तो नीट सांगते कारण तुमच्याही गटात होईल. एकजण म्हणाली, गटात फिरता निधी पडून आहे, त्यातून गाडी करू. मी साफ नाही म्हटलं. फिरता निधी धंद्यासाठी, अडीनडीसाठी. आपली पंचसूत्री काय सांगते? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, लेखे नीट. त्यात सहल बसत नाही. आणि एकदा सहलीला पैसा काढला की पुढं आजारपणाला मागणाऱ्या बाईला आपण कोणत्या तोंडानं थांब म्हणणार? म्हणून वेगळा डबा केला. स्टीलचा, झाकणाला कुलूप. महिन्याला पन्नास रुपये, बारा जणी, बारा महिने. ७,२०० रुपये झाले. वहीत वेगळं पान ठेवलं, त्यावर ‘सहल’ असं लिहिलं. ते पान आमच्या गटात सगळ्यात जास्त वेळा उघडलं गेलं.

दुसरा वाद घरचा. तो बारा घरांत बारा तऱ्हांनी झाला, सगळा सांगायला रेडिओचा वेळ पुरायचा नाही. “स्वयंपाक कोण करल?” हा प्रश्न सगळ्यांच्या घरी निघाला. दोघींच्या सासवांनी स्वतःच सांगितलं, “जाय, मी करते. मले कोणी धाडलं नव्हतं.” एकीचा नवरा दोन दिवस बोललाच नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, “चाल, पण फोन चालू ठेवजो.” सगळ्यात अवघड होतं आमच्या एका वहिनीचं. पाच वर्षांपूर्वी त्यांचे मालक गेले. वय चाळिशीच्या आतलं. घरून निरोप आला की, रांडमुंड बाईनं गाडीत बसून गावं पाहत हिंडायचं, लोक काय म्हणतील? हा शब्द मी मुद्दाम तसाच सांगितला. तो अजून आपल्या घराघरांत वापरतात. वहिनी स्वतः म्हणाल्या, “ताई, माझे सहाशे परत द्या, मी नाही येत.” मी पैसे परत दिले नाहीत. म्हटलं, डब्यातले पैसे सहलीचेच, बसा गाडीत.

राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. चाकांवरच्या घरांसाठी सोयी करायच्या, असं. आपल्याकडं ती घरं यायची तेव्हा येतील. आमची कॅरॅव्हॅन म्हणजे क्रूझर. चालक म्हणून गटातल्याच एकीचा दीर, त्यामुळं निम्म्या घरांची काळजी मिटली. गाडी, डिझेल, त्याचा भत्ता मिळून साडेपाच हजारांत ठरलं. उरलेले सतराशे चहापाण्याला. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या घरून. तवा, परात, पीठ, तुरीची डाळ बरोबर. तूर निघालेली होती आणि हरभरा सोंगायला यायचा होता. आपल्याला दोन दिवस मिळतात ते एवढ्याच फटीत. पाण्याचे चार कॅन घेतले. आणि एक गोष्ट लाज न बाळगता सांगते: बायांच्या सहलीत सगळ्यात आधी विचार करायचा तो लघवीच्या जागेचा. कुठं थांबायचं हे मी आठ दिवस आधी फोन करून त्या त्या गावच्या ग्रामसंघाच्या बायांना विचारून ठेवलं होतं. हॉटेलवाला नाही म्हणेल, पण गटाची बाई आपल्या घराचं दार उघडते. रात्रीचा मुक्कामही तसाच, सिंदखेडराजाच्या जवळच्या एका गावात, तिथल्या गटाच्या अध्यक्षांच्या ओसरीवर. स्कॉटलंडवाल्यांना घर ओढत न्यावं लागतं, आपलं प्रत्येक गावात बांधून तयार आहे.

सकाळी सातला निघालो आणि पहिला थांबा बुलढाण्यातच घेतला. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर. बाया म्हणाल्या, इथं कशाला? इथं तर आम्ही उत्पन्नाच्या दाखल्याला, निराधारच्या कागदाला येऊन येऊन दमलो. मी म्हटलं, आज कागद काढायचा नाही, एका बाईची आठवण काढायची.

ताराबाई शिंदे. जन्म १८५०, आपल्याच बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सत्यशोधक विचारांचे. त्यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला झाला. दिवस राहिले, मूल झालं, लोकलाजेपोटी तिनं ते मारलं. कोर्टानं फाशी सुनावली, पुढं ती कमी करून काळ्या पाण्याची केली. वर्तमानपत्रांतून सगळ्या बाईजातीवर चिखल उडाला. त्या पुरुषाचं नाव कुणी घेत नव्हतं. ताराबाईंनी ते वाचलं आणि पुस्तक लिहिलं, ‘स्त्री पुरुष तुलना’. १८८२ साली पुण्यात छापलं. किंमत नऊ आणे.

पुस्तकात त्या एकेक दुर्गुण घेतात. बायका कपटी, बायका चंचल, बायका अविचारी, असं तुम्ही म्हणता ना, मग पाहू या तुमच्यात किती आहे, असं म्हणत पुरुषांना पार उभं-आडवं घेतात. आणि विचारतात, बायको मेली की तुम्ही लगेच दुसरी आणता, मग नवरा मेला की बाईनंच का कोपऱ्यात बसायचं? तिचा काय गुन्हा? त्या काळी हे लिहिणं म्हणजे विस्तवाशी खेळ. खूप टीका झाली. जोतिबा फुल्यांनी मात्र त्यांची बाजू घेऊन लिहिलं. पुढं ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हेही पुस्तक विसरलं गेलं होतं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, तेव्हा ते जगभर गेलं. इंग्रजीतही आहे आता.

हे मी गाडीतच, उभ्या गाडीत सांगितलं. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. गाडी चिखलीच्या रस्त्याला लागल्यावर मागून विचारलं, “ताई, ते पुस्तक कितीले भेटते?” मी म्हटलं, माझ्याजवळ आहे. बीएला असताना घेतलेलं, कोपरे दुमडलेलं. आता ते त्यांच्याकडं आहे.

चिखली, मग देऊळगावराजा. तिथल्या बालाजीला हात जोडले आणि मेहुणाराजाला गेलो. पंढरपूरला नामदेव पायरीपाशी ज्यांची समाधी आहे ते संत चोखामेळा मूळचे इथले, असं मानतात. हे गाव त्यांचं जन्मगाव. चोखोबांचं नाव आपल्याला माहीत असतं. पण त्यांच्या घरातल्या बायाही अभंग रचत होत्या, हे ठाऊक आहे का? बायको सोयराबाई आणि बहीण निर्मळा. सातशे वर्षांपूर्वी, गावकुसाबाहेर राहणाऱ्या, मेलेली ढोरं ओढणाऱ्या घरातल्या दोन बाया अभंग रचत होत्या आणि ते आजवर टिकले. सोयराबाईंचे सुमारे साठ आहेत. एक गोष्ट सांगतात की सोयराबाई बाळंतपणाला अवघडलेल्या आणि चोखोबा बहिणीला आणायला मेहुण्याला गेलेले. तेव्हा विठ्ठलच निर्मळेचं रूप घेऊन आला आणि त्यानं बाळंतपण केलं. सुईणीचं काम देवानं केलं, असं मानणारी माणसं होती ती.

इथं एक गोष्ट घडली. आमच्यातली सगळ्यात लहान, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली सून, गाडीतून उतरेना. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, “ताई, मला अडचण आलीय. सकाळीच. सांगितलं असतं तर घरच्यांनी पाठवलं नसतं.” देवळात जायचं नाही म्हणून ती गाडीतच बसणार होती. दोन्ही दिवस, प्रत्येक देवळापाशी. मी तिला एवढंच सांगितलं की, ज्या बाईच्या गावाला आपण आलोय तिनं एका अभंगात विचारलंय की, विटाळ विटाळ म्हणता, पण विटाळाशिवाय देह झाला कुठं? सगळे जन्मले ते त्यातूनच ना? ती ऐकत राहिली. मग एक मावशी, पक्क्या माळकरी, खाली उभ्या होत्या त्यांनी ऐकलं. त्या म्हणाल्या, “उतर बाई. ऊन लागते गाडीत. आत यायचं का नाही ते तुझं तू पाह्य.” ती उतरली, बाहेरच्या पायरीवर बसली. आत आली नाही. आम्हीही ओढली नाही. पण गाडीत बसली नाही, आणि पुढं दोन दिवस कुठंच गाडीत बसून राहिली नाही.

सिंदखेडराजाला पोचलो तेव्हा दुपार झालेली. १२ जानेवारीला इथं जिजाऊ जन्मोत्सवाला लोटालोट असते, बायकांना नीट उभं राहून पाहता येत नाही. आडदिवशी गेलं की वाडा आपलाच. लखुजीराव जाधवांचा हा वाडा. समोरचा दरवाजा एवढा उंच की मान मागं टाकावी लागते. आत बरंचसं पडलेलं, जोती उरलीत. जिजाऊंचा जन्म १५९८ सालचा, तो याच वाड्यात. आम्ही जन्मस्थानापाशी खाली बसलो. ओटी भरायला कुणी नारळ आणला होता, कुणी तांदूळ.

शाळेत आपण जिजाऊ शिकतो ती शिवबांची आई म्हणून. मी बायांना लेक म्हणून सांगितली. रंगमहालात रंगपंचमीच्या दिवशी तिची आणि शहाजीराजांची सोयरीक निघाली, असं सांगतात. पुढं माहेर आणि सासर एकमेकांच्या विरुद्ध फौजांत उभं राहिलं. १६२९ सालच्या जुलैत दौलताबादच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजीरावांना दगा करून मारलं. एकटे नाही, त्यांच्याबरोबर त्यांची दोन मुलं आणि नातू. एका दिवसात माहेरची चार माणसं. आणि तारीख पाहा, शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे ही बातमी कानावर आली तेव्हा जिजाऊ पोटुशी होत्या. दोन-अडीच महिन्यांच्या. एवढं बोलले आणि थांबले, कारण आमच्यातल्या दोघी पदर डोळ्याला लावत होत्या. माहेर तुटलेली बाई आपल्यात कमी नाही.

तिथून लखुजीरावांच्या समाधीला गेलो. दगडी, भली मोठी इमारत. वहिनी म्हणाल्या, “शहाजीराजे गेले तेव्हा जिजाऊ कुठं होत्या?” मी सांगितलं, १६६४ साली शहाजीराजे गेले. जिजाऊ सती जायला निघाल्या होत्या, शिवाजी महाराजांनी विनवण्या करून थांबवलं. मग दहा वर्षं त्या जगल्या, मुलाचा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला आणि १७ जून १६७४ ला पाचाडला गेल्या. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे अभिषेकाच्या वेळी त्या विधवाच होत्या.” होत्या. एवढंच संभाषण.

सिंदखेडराजाचं मला सगळ्यात आवडतं ते पाणी. वाडा पाहून लोक परततात, पण मोती तलाव आणि चांदणी तलाव पाहायलाच हवेत. जाधवांच्या काळात गावाला पाणी पुरावं म्हणून बांधलेले. मोती तलावाची दगडी भिंत पाहून आमच्या एक काकू, ज्या जलसंधारणाच्या कामावर मजुरी करून आल्यात, त्या हातानं दगड चाचपत होत्या. “आम्ही बांधलेला बंधारा तिसऱ्या पावसाळ्यात फुटला,” म्हणाल्या. चांदणी तलावाच्या मधोमध बांधकाम आहे, पाणी असलं की ते बेटासारखं दिसतं. आणि पुतळाबारव! पायऱ्यांची विहीर, भोवती कोरलेले पुतळे. चारशे वर्षांपूर्वीही पाणी भरायला खाली उतरणारी बाईच असणार. तिच्या डोळ्यांना काही बरं दिसावं, असं कुणाला तरी वाटलं होतं. काळाकोट नावाचा एक किल्लाही आहे, पुरा न झालेला, भिंती जाड काळ्या. तिथं पोचेपर्यंत उन्हं गेली, धावतच पाहिला.

रात्री त्या गावात ओसरीवर पिठलं-भाकरी. दोन्ही गटांच्या वह्या निघाल्या, हे सांगायला नको. अकरापर्यंत व्याजदरावर चर्चा! मला हसू येत होतं. पण त्यांचा डाळमिलचा अनुभव ऐकून आमच्या तिघींनी रात्रीच ठरवलं की आपणही चौकशी करायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून लोणार. रस्त्यात समृद्धी महामार्ग दिसतो. गाड्या सूं सूं जातात, नागपूरहून मुंबईला. त्यातल्या किती जणांना माहीत असेल की बाजूला काय आहे?

लोणारचं काय सांगू. काठावर उभं राहिलं की पहिल्यांदा कुणी बोलतच नाही. जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद गोल खळगा, आत हिरवं जंगल आणि तळाला पाणी. हा ज्वालामुखीचा खड्डा आहे असं पूर्वी मानत. पण तो आकाशातून पडलेल्या उल्केनं झालाय. आपली काळी माती ज्या काळ्या दगडापासून झाली, त्या दगडात एवढा नीट राहिलेला असा खड्डा जगात दुसरा नाही. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं याची नोंद केली, पण आपल्या लोकांना हे तळं पुराणकाळापासून ठाऊक होतं. लवणासुर नावाचा दैत्य इथं जमिनीत लपला होता, विष्णूनं त्याला मारलं, अशी कथा. त्याच विष्णूचं दैत्यसूदन मंदिर गावात आहे. कोरीवकाम असं की भिंतीवर बोट ठेवायला जागा नाही. लॉक नेसवाल्यांनी एका न दिसलेल्या जनावरावर एवढं नाव कमावलं. आपल्याकडं तर मेलेला दैत्यही आहे आणि त्याला मारणारा देवही आहे!

पाणी खारट का? पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. उन्हानं वाफ होते, क्षार मागं राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय. २०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदीत, तळं गुलाबी झालं होतं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. तेव्हा कुणी शाप म्हणालं, कुणी काय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला, म्हणजे जगानं जपण्याजोगं पाणी म्हणून मान्यता.

आमच्या त्या लहान सुनेचं माहेर घाटाखाली, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. ती म्हणाली, “ताई, खाऱ्या तळ्याला लोक पाहायला येतात, आमच्या गावची विहीर खारी तर मुलगी द्यायला लोक मागंपुढं पाहतात.” यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं.

धारेवर, म्हणजे गोमुखापाशी, बारमाही गोड पाणी पडतं. खारट तळ्याच्या काठावर गोड धार. सगळ्यांनी तोंडं धुतली, दोघींनी अंघोळच केली. खाली तळ्याच्या काठाला कमळजा देवी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली उतरू नये, उतरणं सोपं, चढणं जड जातं. आमच्या आजी आणि दोन मावश्या वरच थांबल्या. हे अभयारण्य आहे, तेव्हा आत चूल पेटवायची नाही, पिशव्या टाकायच्या नाहीत. आम्ही आमचा कचरा गोणीत भरून गावी आणला. एसटीतून वीस वेळा गेलेल्या वहिनी काठावर सगळ्यात जास्त वेळ उभ्या होत्या. हाक मारून बोलवावं लागलं.

दुपारी मेहकर. पैनगंगेच्या काठचं गाव. इथला शारंगधर बालाजी १८८८ साली जमिनीत सापडला, काळ्या पाषाणाची उंच मूर्ती. इंग्रज ती विलायतेला नेतील म्हणून गावकऱ्यांनी घाईनं प्रतिष्ठापना केली, असं सांगतात. मी मात्र बायांना नेलं ते एका वकिलाच्या गावात म्हणून. ना. घ. देशपांडे. जन्म १९०९, सेंदूरजनचा, आपल्याच जिल्ह्यातला. मेहकरात वकिली केली, जन्मभर इथंच राहिले आणि कविता लिहिल्या. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गाऊन तिची तबकडी निघाली आणि ती साऱ्या महाराष्ट्रात वाजली. मेहकरातल्या वकिलाचं गाणं पुण्या-मुंबईच्या ग्रामोफोनवर! १९८६ साली ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमी मिळालं.

त्यांचा आणखी एक संग्रह आहे, ‘कंचनीचा महाल’. आणि तो महाल मेहकरात आहे, पडका. कंचनी ही नाचणारी बाई. तिला इतका उंच महाल बांधायचा होता की वरच्या मजल्यावरून लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा, असं गावात सांगतात. देवीला ते रुचलं नाही, महाल तसाच राहिला. आजी त्या भिंतींकडं बराच वेळ पाहत होत्या. म्हणाल्या, “दिवाच पाह्याचा होता न तिले? त्यात देवीचं काय बिघडत होतं?” त्यांना स्वतःला सकाळी खाली कमळजेपर्यंत उतरता आलं नव्हतं, ते मला तेव्हा आठवलं.

परतताना चिखलीच्या रस्त्यानं दोन्हीकडं कपाशीच्या पऱ्हाट्या, सोयाबीनची रिकामी वावरं. चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख, त्यांची ‘बारोमास’ ही कादंबरी या वावरांचीच आहे, शिकून शेतात अडकलेल्या पोरांची आणि कर्जाची. तिला २००४ चं साहित्य अकादमी. ती मी गाडीत सांगायला लागले तर एकजण म्हणाली, “ताई, ते नका सांगू, ते आम्ही रोज पाह्यतो.” मग गाणी झाली. चालकदादांनी दोन ओव्या म्हटल्या, त्यांच्या आईच्या. नऊला घरी.

ज्यांना गाडी परवडत नाही त्यांच्यासाठी: १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ च्या वरच्या आजींना फुकट. बुलढाणा किंवा चिखलीहून मेहकर, मेहकरहून लोणार, अशी एसटीनं एक दिवसाची खेप सहज होते. सिंदखेडराजा वेगळ्या दिवशी. शेवटची गाडी किती वाजता हे स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारा, परत येताना नाही. आधार कार्ड जवळ ठेवा. आणि त्या गावात गट कुठला आहे ते आपल्या प्रभाग समन्वयकांना आधी विचारा.

आमच्या डब्यात सध्या सहाशे रुपये आहेत, नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याचे. पुढच्या खेपेला घाटाखाली उतरायचं चाललंय: नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती, सातपुड्याच्या पायथ्याचा मैलगड आणि वाटेत त्या सुनेचं माहेर, खाऱ्या विहिरीचं गाव. पिण्याचं पाणी बरोबर न्यावं लागेल, असं तिनं आधीच सांगून ठेवलंय. अडचण एवढीच आहे की सहल ऐकून गटाबाहेरच्या दोघी यायचं म्हणताहेत आणि क्रूझरमध्ये बाराच बसतात. दोन गाड्या करायच्या की एसटीनं जायचं, ते येत्या बैठकीत ठरेल. वहिनींचं म्हणणं एसटीचं आहे. त्या म्हणतात, खिडकीची जागा मात्र मले पाह्यजे.